टस्कीगीच्या विटा

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात १८५६ साली एका गुलाम स्त्रीच्या पोटी बुकर टी. वॉशिंग्टन यांचा जन्म झाला. १८६५ साली गुलामगिरी संपली, पण पोटाची विवंचना संपली नाही. लहानगा बुकर मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणीत राबला व राबता राबताच अक्षरे शिकला. पुढे हॅम्प्टन येथील विद्यालयात झाडलोट करून त्याने आपले शिक्षण पुरे केले.

१८८१ साली अलाबामा राज्यातील टस्कीगी या गावी कृष्णवर्णीयांसाठी अध्यापनशाळा काढण्याचे काम वॉशिंग्टन यांच्याकडे आले. तेथे जाऊन पाहतात तो ना जागा, ना इमारत! चर्चजवळच्या एका मोडक्या खोपटात ४ जुलै रोजी ३० विद्यार्थ्यांचा वर्ग भरला. पाऊस आला की छप्पर गळे; मग एखादा विद्यार्थी उठून गुरुजींच्या डोक्यावर छत्री धरी. हे विद्यार्थी तुमच्याएवढे नव्हते, बरे का! बहुतेक जण स्वतःच शाळामास्तर होते आणि काही तर चाळिशीच्या घरात पोहोचले होते.

थोड्याच दिवसांत कर्ज काढून वॉशिंग्टन यांनी एक ओसाड मळा घेतला. तेथील झाडोरा तोडावयाचा होता. पण विद्यार्थी कुरकुरू लागले. त्यांच्या लेखी अंगमेहनत म्हणजे गुलामगिरीची खूण. ज्यांच्या वाडवडिलांनी चाबकाखाली कष्ट उपसले, त्यांना असे वाटावे यात नवल ते काय? वॉशिंग्टन यांनी उपदेश केला नाही. कुऱ्हाड खांद्यावर टाकून ते स्वतःच रानात शिरले. हळूहळू सारे त्यांच्यामागून गेले.

खरी कसोटी लागली ती विटांच्या कामी. इमारत विद्यार्थ्यांनीच बांधावी, विटाही त्यांनीच पाडाव्यात, असे ठरले. पण ती विद्या कोणालाच अवगत नव्हती. गुडघाभर चिखलात उभे राहून त्यांनी हजारो विटा पाडल्या. पहिली भट्टी फसली, दुसरीही फसली. तिसरी भाजून होत आली असता रात्री कोसळली. गाठीला पैसा उरला नाही. तेव्हा वॉशिंग्टन यांनी आपले घड्याळ १५ डॉलरांना गहाण टाकले आणि चौथी भट्टी लावली. ती साधली! घड्याळ मात्र पुन्हा त्यांच्या हाती आले नाही.

विटा उत्तम निघाल्या. या शाळेविषयी ज्यांना आस्था नव्हती, असे गोरे गावकरीही त्या विकत घेण्यास दारी येऊ लागले. आपण केलेली वस्तू दुसऱ्याला हवीशी वाटते, हा अनुभव त्या विद्यार्थ्यांना नवा होता. नव्याने आलेला एखादा मुलगा भिंतीवर चाकूने नाव कोरू लागला, तर जुना विद्यार्थी त्याला तिथल्या तिथे अडवी. कारण ती भिंत त्याने स्वतः रचलेली असे.

ज्यांच्याजवळ खर्चाला काहीच नव्हते, त्यांच्यासाठी १८८४ साली रात्रीचे वर्ग निघाले. दिवसा १० तास एखादा धंदा शिकत काम करावयाचे आणि रात्री २ तास पुस्तक. मजुरीचा बराचसा भाग शाळेत जमा राही व त्यातून पुढील शिक्षणाचा खर्च भागे. इतके कष्ट सोसून जो टिके, त्याच्या चिकाटीविषयी शंका घेण्यास जागा उरत नसे.

सर्वांनाच हा मार्ग पटला असे नाही. वॉशिंग्टन हातच्या धंद्यांवर फार भर देतात आणि राजकीय हक्कांसाठी पुरेसे झगडत नाहीत, असा आक्षेप ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने १९०३ साली घेतला. त्या आक्षेपात तथ्य होते.

नोव्हेंबर १९१५ मध्ये वॉशिंग्टन यांचे टस्कीगीलाच निधन झाले. तेथील एका टेकडीवर विद्यार्थ्यांनी बांधलेल्या विटांच्या समाधीत त्यांना ठेवण्यात आले.