फ्लॉरेन्स बॅलार्ड : 'सुप्रीम्स' या नावामागची गायिका

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेतील तीन कृष्णवर्णीय तरुणींच्या एका गायनसमूहाने जगभरातील श्रोत्यांना वेड लावले. 'द सुप्रीम्स' हे त्या समूहाचे नाव. बीटल्सच्या गाण्यांनी साऱ्या पाश्चात्त्य जगावर अधिराज्य गाजवले त्याच काळात या तिघींची गाणी अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत वारंवार अग्रस्थानी राहिली. त्यांच्यापैकी डायाना रॉस हे नाव आजही सर्वांच्या परिचयाचे आहे. तथापि हा समूह जिच्याभोवती उभा राहिला आणि ज्याचे नावही जिने निवडले, ती फ्लॉरेन्स बॅलार्ड वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी जवळजवळ निर्धन अवस्थेतून सावरत असतानाच हे जग सोडून गेली. श्रम कोणाचे आणि त्या श्रमाच्या फळावर मालकी कोणाची, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी तिचे चरित्र अवश्य समजून घ्यावे.

फ्लॉरेन्सचा जन्म 30 जून 1943 रोजी मिशिगन राज्यातील डेट्रॉईट शहरात झाला. त्या तारखेच्या जेमतेम आठवडाभर आधी याच शहरात वर्णद्वेषी दंगल उसळली होती. तीत 34 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 25 कृष्णवर्णीय होती. डेट्रॉईट हे मोटारींचे शहर. दक्षिणेकडील राज्यांतील कापसाची शेते, कर्जबाजारीपणा आणि जमावाकडून होणाऱ्या हत्या यांना विटलेली लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे उत्तरेकडील औद्योगिक शहरांत आली. डेट्रॉईटच्या कारखान्यांत त्यांना मजुरी मिळाली. परंतु राहण्यासाठी ठरावीक वस्त्याच वाट्याला आल्या. गावाकडील अपमान मागे टाकून शहरात यावे आणि शहरानेही वेशीबाहेरचीच जागा दाखवावी, असा हा अनुभव होता.

बॅलार्ड कुटुंबही मूळचे दक्षिणेतील. वडील जेसी जनरल मोटर्समध्ये कामगार होते. आई लर्ली यांच्यावर डझनाहून अधिक मुलांचा सांभाळ करण्याची जबाबदारी होती. वडिलांना गाण्याची आवड होती. ते गिटार वाजवत आणि मुलीला गाणी शिकवत. फ्लॉरेन्सच्या गायनाची पहिली शाळा ती हीच. पुढे चर्चमधील गायनवृंदात तिचा आवाज घडत गेला. तो भरदार, खोल आणि दूरवर पोहोचणारा होता. 1958 च्या सुमारास हे कुटुंब ब्रुस्टर-डग्लस वसाहतीत राहावयास आले. कृष्णवर्णीयांसाठी केंद्र सरकारच्या पैशातून बांधलेल्या अमेरिकेतील अगदी पहिल्या वसाहतींपैकी ती एक होती. 1959 मध्ये कर्करोगाने वडिलांचे निधन झाले आणि घराची घडी विस्कटली.

त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या आयुष्यास निर्णायक वळण मिळाले. मिल्टन जेन्किन्स नावाचे व्यवस्थापक 'प्राइम्स' नामक तरुणांचा गायनसमूह चालवीत. या समूहातील दोघे पुढे सुप्रसिद्ध 'टेम्प्टेशन्स'मध्ये गेले. प्राइम्सच्या जोडीला मुलींचाही एक समूह असावा, अशी जेन्किन्स यांची कल्पना होती. त्यासाठी त्यांनी फ्लॉरेन्सची निवड केली. तिने आपली शाळेतील मैत्रीण मेरी विल्सन हिला बरोबर घेतले. पुढे डायाना रॉस आणि बेटी मॅकग्लोन या दोघी आल्या. 'प्राइमेट्स' या नावाने हा चौघींचा समूह शाळांच्या आणि तरुणांच्या कार्यक्रमांत गाऊ लागला. 1960 मध्ये नदीपलीकडे कॅनडातील विंडसर शहरी झालेल्या स्पर्धेत त्यांनी पारितोषिक पटकावले. त्या दिवसांत समूहाचा मुख्य आवाज बहुधा फ्लॉरेन्सचाच असे.

डेट्रॉईटमध्ये त्या सुमारास बेरी गॉर्डी यांची मोटाऊन कंपनी नुकतीच उभी राहत होती. स्वतः मोटार कारखान्यात काम केलेल्या गॉर्डी यांनी कुटुंबाच्या सामाईक निधीतून 800 डॉलर कर्जाऊ घेऊन 1959 मध्ये हा व्यवसाय आरंभिला होता. एका कृष्णवर्णीय उद्योजकाने गोऱ्यांच्या वर्चस्वाखालील संगीत व्यवसायात स्वतःची कंपनी स्थापन करावी, ही त्या काळी असामान्य गोष्ट होती. प्राइमेट्स तेथे गाऊन दाखवण्यास गेल्या, तेव्हा गॉर्डी यांनी त्यांना आधी शालेय शिक्षण पूर्ण करण्यास सांगितले. मेरी आणि डायाना यांनी ते पूर्ण केले. फ्लॉरेन्सची शाळा मात्र अर्ध्यावर सुटली.

याच काळात, 1960 मध्ये, तिच्यावर एक भयंकर आघात झाला. एका कार्यक्रमानंतर घरी सोडतो असे सांगून ओळखीच्या तरुणाने चाकूचा धाक दाखवून तिच्यावर बलात्कार केला. त्यानंतर कित्येक आठवडे तिने स्वतःला घरात कोंडून घेतले. मोकळी, हसरी, प्रसंगी फटकळ अशी ही मुलगी त्या घटनेनंतर सावध आणि संशयी झाली, असे मेरी विल्सन हिने पुढे आत्मचरित्रात नोंदविले आहे. अशा प्रसंगातून गेलेल्या मुलीस आधार देणारी कोणतीही व्यवस्था त्या समाजात तिच्यासाठी नव्हती. दुःख मनात ठेवून ती पुन्हा गाण्याकडे वळली.

जानेवारी 1961 मध्ये मोटाऊनने या मुलींशी करार केला. मुली अल्पवयीन असल्याने पालकांना सह्या कराव्या लागल्या. जुने नाव बदलावे, अशी कंपनीची अट होती. सुचविलेल्या नावांच्या यादीतून फ्लॉरेन्सने 'सुप्रीम्स' हे नाव निवडले. इतर दोघींना ते फारसे आवडले नव्हते; तरी तेच कायम झाले. पुढे हे नाव जगभर गाजले. त्या नावावरचा कायदेशीर हक्क मात्र कंपनीकडे राहिला.

पहिली तीन वर्षे अपयशाची होती. 1961 मधील 'बटर्ड पॉपकॉर्न' या गाण्यात मुख्य स्वर फ्लॉरेन्सचा होता. पण त्यासही मोठे यश लाभले नाही. एकही गाजलेले गाणे नसलेल्या सुप्रीम्स, अशी त्यांची कंपनीतच थट्टा होई. इतरांच्या गाण्यांना साथ देणे, ध्वनिमुद्रणात टाळ्यांचा ठेका धरणे, अशी कामेही त्यांनी केली. 1962 मध्ये समूहात तिघीच उरल्या. नंतर गॉर्डी यांनी डायानाला मुख्य गायिका ठरविले. तिचा पातळ, धारदार आवाज रेडिओवर चटकन ओळखू येतो आणि गोऱ्या तरुण श्रोत्यांपर्यंत सहज पोहोचतो, असा त्यांचा व्यावसायिक हिशेब होता. तो खराही ठरला. ऑगस्ट 1964 मध्ये 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यापाठोपाठ आणखी चार गाणी सलग त्याच स्थानी गेली. सुप्रीम्सची एकूण 12 गाणी प्रथम क्रमांकावर आली. त्यांतील 10 गाणी फ्लॉरेन्स समूहात असतानाची आहेत. 1966 मध्ये 'सुप्रीम्स ए गो-गो' ही ध्वनिमुद्रिका प्रथम क्रमांकावर गेली, तेव्हा स्त्रियांच्या समूहास असा मान अमेरिकेत प्रथमच मिळाला.

या यशाचे सामाजिक मोलही जाणले पाहिजे. अमेरिकी चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर तोवर कृष्णवर्णीय स्त्री बहुधा मोलकरणीच्या भूमिकेत दिसे. सुप्रीम्स मात्र डिसेंबर 1964 मध्ये एड सलिव्हन यांच्या अत्यंत लोकप्रिय कार्यक्रमात प्रतिष्ठित कलावंत म्हणून अवतरल्या. नागरी हक्कांचा कायदा त्याच वर्षीच्या जुलैमध्ये मंजूर झाला होता. घराघरांतील कृष्णवर्णीय मुलींनी त्या रात्री आपल्यासारख्या दिसणाऱ्या तीन तरुणींना सन्मानाने गाताना पाहिले. या सादरीकरणामागे कठोर परिश्रम होते. मॅक्सीन पॉवेल यांनी त्यांना सभेत वागण्या-बोलण्याची रीत शिकविली, चोली ॲटकिन्स यांनी पदन्यास बसविले. दौरे, सराव आणि ध्वनिमुद्रण यांतून विश्रांतीस उसंत मिळत नसे.

तथापि पडद्यामागचे चित्र निराळे होते. ध्वनिमुद्रिका काढणारी, कलावंतांचे व्यवस्थापन पाहणारी आणि गीतांचे हक्क बाळगणारी संस्था एकच होती. म्हणजे ज्याच्याकडून मोबदला घ्यावयाचा, त्याच्याच माणसाने आपल्या वतीने वाटाघाटी करावयाच्या! ध्वनिमुद्रणाचा खर्च कलावंतांच्या रॉयल्टीतून वळता होई. हिशेबाच्या वह्या कंपनीकडे आणि पैशांचे व्यवहारही कंपनीच्याच हाती. शोषण करणारा परक्या वर्णाचाच असतो असे नाही. व्यवस्था विषम असली की आपलाच माणूसही तिचा लाभ घेतो, हे इतिहासात अनेकदा दिसते.

फ्लॉरेन्सच्या वाट्याला येणारी मुख्य गाणी हळूहळू संपत गेली. रंगमंचावर ती 'पीपल' हे गाणे एकटी म्हणत असे. तेही पुढे तिच्याकडून गेले. ज्या समूहाची ती पहिली गायिका होती, त्यात आता मागे उभे राहून दोन-चार सुरांची साथ देणे एवढेच तिचे काम उरले. या दुःखात ती मद्याकडे वळली, कधी कार्यक्रमास गैरहजर राहिली, वरिष्ठांशी तिचे खटके उडाले. तिच्या या वागण्याने समूहाचे नुकसान झाले, हे नाकारता येत नाही. पण तिच्या मनात साचत गेलेल्या वेदनेची विचारपूस कोणी केली नाही, हेही तितकेच खरे. 1967 च्या वसंत ऋतूतच तिची जागा घेण्यासाठी सिंडी बर्डसाँग हिची तयारी सुरू झाली होती. त्या वर्षीच्या जून महिन्याच्या अखेरीस लास व्हेगास येथील फ्लॅमिंगो हॉटेलात समूहाचे नाव बदलून 'डायाना रॉस अँड द सुप्रीम्स' असे झळकले. त्यानंतर काही दिवसांतच, जुलैच्या आरंभी, फ्लॉरेन्सला घरी पाठविण्यात आले. ती डेट्रॉईटला परतली आणि तीन आठवड्यांत त्या शहरात पुन्हा वणवा पेटला. 23 जुलै रोजी सुरू झालेल्या त्या उद्रेकात 43 माणसे मरण पावली.

22 फेब्रुवारी 1968 रोजी मोटाऊनशी तिचे संबंध कायदेशीररीत्या संपुष्टात आले. जगभर विकल्या गेलेल्या लाखो ध्वनिमुद्रिकांच्या बदल्यात तिच्या नावे एकरकमी 1 लाख 39 हजार 804 डॉलर ठरले. यापुढे आपण सुप्रीम्समध्ये होतो असे प्रसिद्धीसाठी सांगावयाचे नाही, अशीही अट होती. जे नाव तिने स्वतः निवडले, ते उच्चारण्याचा अधिकार तिने स्वतःच्या सहीनेच गमावला. नवी कंपनी तिची नवी गाणी श्रोत्यांपुढे नेऊ पाहत होती, पण ती कोण हेच सांगता येत नव्हते. दोन तबकड्या निघाल्या, विकल्या गेल्या नाहीत. संपूर्ण ध्वनिमुद्रिका अप्रकाशित राहिली. ती तिच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी, 2001 मध्ये श्रोत्यांपर्यंत पोहोचली.

पुढील काही वर्षे पडझडीची होती. आपल्या वकिलानेच आपले पैसे हडपले, अशी तिची तक्रार होती. 1971 मध्ये तिने मोटाऊनविरुद्ध 87 लाख डॉलरचा दावा दाखल केला. परंतु जुन्या समझोत्यावर तिची सही होती आणि दावा फेटाळला गेला. पतीशी दुरावा आला, कर्ज थकल्याने राहते घर गेले. तीन लहान मुलींना वाढविण्यासाठी तिला सरकारी मदत घ्यावी लागली. ही बातमी वृत्तपत्रांत छापून आली, तेव्हा एकेकाळी तिच्या गाण्यांवर थिरकलेल्या अमेरिकेस धक्का बसला.

अशा स्थितीतही ती एकदा पुन्हा रंगमंचावर उभी राहिली. 25 जून 1975 रोजी डेट्रॉईटच्या फोर्ड सभागृहात जोन लिटल हिच्या न्यायालयीन लढ्यासाठी निधी जमविण्याचा कार्यक्रम होता. उत्तर कॅरोलायनातील तुरुंगात असताना अत्याचार करू पाहणाऱ्या गोऱ्या तुरुंग कर्मचाऱ्याचा प्रतिकार करताना या कृष्णवर्णीय तरुणीच्या हातून त्याचा मृत्यू झाला होता आणि तिच्यावर खुनाचा खटला चालू होता. पंधरा वर्षांपूर्वी जिला स्वतःच्या वेदनेविषयी कोठे दादही मागता आली नव्हती, ती फ्लॉरेन्स दुसऱ्या एका पीडितेच्या न्यायासाठी गायिली. श्रोत्यांनी तिचे भरभरून स्वागत केले. ऑगस्टमध्ये जोन लिटल निर्दोष सुटली.

फ्लॉरेन्सच्याही जीवनात उजेड दिसू लागला होता. जुन्या वकिलासंबंधीच्या प्रकरणात तिला विमा कंपनीकडून भरपाई मिळाली, तिने नवे घर घेतले, पतीशी पुन्हा समेट झाला. परंतु 22 फेब्रुवारी 1976 रोजी हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी होऊन तिचे निधन झाले. मोटाऊनशी शेवटची सही केली त्या दिवसाला त्याच तारखेस आठ वर्षे पूर्ण झाली होती. न्यू बेथेल बाप्टिस्ट चर्चमध्ये तिला निरोप देण्यासाठी हजारोंचा जमाव लोटला. 1963 मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह डेट्रॉईटमध्ये प्रचंड पदयात्रा काढणारे धर्मगुरू सी. एल. फ्रँकलिन यांनी अंत्यविधी केला. तिचे दफन डेट्रॉईट मेमोरियल पार्क या दफनभूमीत झाले. इतर दफनभूमींत कृष्णवर्णीयांना भेदभाव सोसावा लागे, म्हणून त्यांच्यातीलच काही कर्त्या लोकांनी 1925 मध्ये ही भूमी उभारली होती.

1988 मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये सुप्रीम्सचा समावेश झाला, तेव्हा फ्लॉरेन्सचे नाव डायाना आणि मेरी यांच्या बरोबरीने कोरले गेले. तिच्या जीवनाशी साम्य असलेल्या 'ड्रीमगर्ल्स' या संगीतिकेवर 2006 मध्ये चित्रपट निघाला आणि त्यातील भूमिकेसाठी जेनिफर हडसन हिला ऑस्कर पारितोषिक लाभले. जे नाव उच्चारण्यास कराराने मनाई केली होती, ते आता इतिहासानेच तिच्या नावापुढे लिहिले आहे.

वसतिगृहाच्या खोलीत गाणी गुणगुणणाऱ्या, चित्रे काढणाऱ्या, मैदान गाजविणाऱ्या आपल्या मुलामुलींमध्ये गुणांची वाण नाही. पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी त्या गुणांना जरूर उत्तेजन द्यावे. परंतु शाळा अर्ध्यावर सोडू देऊ नये. कागद वाचता यावा, हिशेब विचारता यावा, सही करण्यापूर्वी अटींचा अर्थ जाणकारास विचारण्याचे धैर्य असावे, हे शिक्षण कलेइतकेच आवश्यक आहे. आणि एखादे लेकरू अचानक अबोल झाले, तर त्याला शिस्त लावण्याआधी त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकून घ्यावे. फ्लॉरेन्स बॅलार्डजवळ आवाज होता, जिद्द होती, लोकांचे प्रेमही होते. तिच्या बाजूने कागद वाचणारे आणि तिचे ऐकून घेणारे माणूस मात्र वेळेवर भेटले नाही.