हजार चेहऱ्यांचा नट

आरंभीच्या काळातील चित्रपटांना वाणी नव्हती. पडद्यावरील माणसे हसत, रडत, भांडत. पण त्यांचा एकही शब्द प्रेक्षकांच्या कानी पडत नसे. अशा मूकपटांच्या काळात केवळ मुद्रा व हावभाव ह्यांच्या बळावर प्रेक्षकांची मने हलवून सोडणारा एक थोर नट अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव लॉन चेनी.

लॉनचा जन्म १ एप्रिल १८८३ रोजी कोलोराडो राज्यातील कोलोराडो स्प्रिंग्ज ह्या गावी झाला. त्याचे वडील न्हाव्याचा व्यवसाय करीत. आईवडील दोघांनाही ऐकू येत नसे. लॉनच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, १८७४ साली त्याच गावी मूकबधिर मुलांसाठी शाळा स्थापन केली होती. घरातील सारे संभाषण हातांच्या खुणांनी आणि चेहऱ्यावरील भावांनी चाले. इतर मुले बोबडे बोल शिकतात त्या वयात लॉन ही खुणांची भाषा शिकला.

तो चौथ्या इयत्तेत असताना आईला संधिवाताने ग्रासले व ती अंथरुणाला खिळली. तिच्या शुश्रूषेसाठी लॉनला शाळा सोडावी लागली. आईला बाहेरचे जग दिसत नसे, ऐकू तर येतच नसे. मग लॉन गावातून फेरफटका मारून येई आणि वाटेत भेटलेल्या माणसांच्या नकला करून तिला दाखवी. कोण कसा चालतो, कोण कसा रागावतो, हे तो न बोलता हुबेहूब उभे करी. आईच्या मुखावर हसू उमटले की त्याला धन्यता वाटे. त्याचे अभिनयाचे शिक्षण झाले ते असे, आईच्या उशाशी बसून.

पुढे त्याने गावातील नाट्यगृहात सामान हलविण्याचे काम धरले. १९०२ साली तो रंगभूमीवर आला आणि फिरत्या नाटकमंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडला. त्यानंतर दहाएक वर्षांनी तो हॉलिवुडमधील युनिव्हर्सल कंपनीत दाखल झाला. तेथे त्याला किरकोळ भूमिका मिळत. परंतु त्याच्याजवळ रंगभूषेची एक पेटी होती. रंग, मेण, कापूस व खोटे केस ह्यांच्या साहाय्याने तो घटकेत म्हातारा होई, घटकेत दरोडेखोर. पाहिजे तसा माणूस चेनीच्या रूपाने मिळतो, हे दिग्दर्शकांना कळून चुकले. त्याने दीडशेहून अधिक चित्रपटांत कामे केली. लोक त्याला हजार चेहऱ्यांचा माणूस म्हणू लागले.

१९१९ साली 'द मिरॅकल मॅन' ह्या चित्रपटात त्याने पांगळेपणाचे सोंग घेणाऱ्या भामट्याची भूमिका केली आणि त्याची कीर्ती सर्वत्र पसरली. पुढच्याच वर्षी 'द पेनल्टी' ह्या चित्रपटात त्याला पाय तुटलेल्या माणसाचे काम मिळाले. त्यासाठी त्याने आपले पाय गुडघ्यांत दुमडून मागे घट्ट बांधून घेतले. वेदना इतक्या होत की, तशा स्थितीत फार वेळ काम करणे अशक्य होई; तरीही त्याने माघार घेतली नाही. १९२३ साली व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरून निघालेल्या 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' ह्या चित्रपटात तो कुबडा घंटावाला झाला. १९२५ च्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा' मध्ये त्याचा चेहरा कवटीसारखा भयानक दिसला.

तथापि चेनीची थोरवी रंगाच्या पेटीत सामावलेली नव्हती. त्याने रंगविलेली बहुतेक माणसे कुरूप, पंगू, जगाने झिडकारलेली अशी होती. त्यांना पाहून प्रेक्षक प्रथम दचकत आणि मग त्यांच्या दुःखाने कळवळत. देहाच्या व्यंगाआड आपल्यासारखेच मन असते, ही गोष्ट चेनी घरीच शिकला होता. तीच त्याने पडद्यावर दाखविली. १९२६ साली 'टेल इट टु द मरीन्स' मध्ये त्याने वेषांतर मुळीच केले नाही, आणि एका करारी पण मायाळू सार्जंटची भूमिका उत्तम वठविली. अमेरिकेच्या नौसैनिक दलाने त्याला सन्माननीय सदस्यत्व दिले.

१९२७ नंतर बोलपट आले. चेनीने बरेच दिवस बोलपटात काम करण्याचे टाळले. अखेर १९३० साली 'द अनहोली थ्री' ह्या बोलपटात त्याने एका शब्दभ्रमकाराची भूमिका केली व निरनिराळे पाच आवाज काढले. ते सारे आवाज आपलेच आहेत, असे प्रतिज्ञापत्रही त्याने करून दिले. ज्याच्या घरी शब्द ऐकू येत नव्हता, त्याने शब्दावरही प्रभुत्व मिळविले!

परंतु दैव प्रतिकूल होते. त्याला कर्करोगाने गाठले होते. अखेरच्या दिवसांत त्याची वाचा गेली. तेव्हा लहानपणीची खुणांची भाषाच त्याच्या उपयोगी पडली. २६ ऑगस्ट १९३० रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले.

त्याचे पुष्कळसे चित्रपट आज नष्ट झाले आहेत. त्याची रंगभूषेची पेटी मात्र लॉस एंजेलिस येथील संग्रहालयात जतन करून ठेवली आहे. आईवडिलांच्या मौनाची लॉनला कधी लाज वाटली नाही. त्या मौनातच त्याला आपली कला सापडली.