जेम्स नेस्मिथ

डॉ. जेम्स नेस्मिथ (६ नोव्हेंबर, १८६१ - २८ नोव्हेंबर, १९३९) हे कॅनडात जन्मलेले अमेरिकन शारीरिक शिक्षणतज्ज्ञ, वैद्यक पदवीधर आणि धर्मोपदेशक होते. बास्केटबॉल या खेळाचे जनक म्हणून ते जगभर ओळखले जातात. १८९१ साली त्यांनी या खेळाचे मूळ १३ नियम तयार केले. कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे ते पहिले प्रशिक्षक होते. व्यायाम आणि चारित्र्यघडण या हेतूने त्यांनी निर्माण केलेला हा खेळ पुढे अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाजगताच्या केंद्रस्थानी आला. आज त्या देशात हंगाम सुरू होण्याआधीच अव्वल संघांची भाकिते प्रसिद्ध होतात.

प्रारंभिक जीवन

नेस्मिथ यांचा जन्म कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातील आल्मॉन्ट या गावाजवळ झाला. त्यांचे आईवडील स्कॉटलंडहून येऊन तेथे स्थायिक झाले होते. १८७० साली विषमज्वराच्या साथीत दोघांचाही मृत्यू झाला. त्या वेळी जेम्स लहान होते. त्यानंतर त्यांचे पालनपोषण मामांनी केले. शालेय शिक्षण अर्धवट सोडून त्यांनी काही वर्षे जंगलात लाकूडतोडीचे काम केले. पुढे ते पुन्हा शाळेत परतले आणि माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठातून १८८७ साली पदवीधर झाले. त्यानंतर त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले.

मैदानी खेळांत ते निपुण होते. धर्मोपदेशकाने खेळात रमणे त्या काळी अनेकांना रुचत नसे. तरुणांवर चांगले संस्कार करण्यासाठी व्यासपीठापेक्षा क्रीडांगण अधिक उपयोगी पडेल, अशी मात्र नेस्मिथ यांची धारणा झाली. त्यामुळे ते अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे वायएमसीएच्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले.

खेळाचा जन्म

स्प्रिंगफील्डच्या कडक हिवाळ्यात मैदानी खेळ बंद पडत. विद्यार्थ्यांना बंदिस्त व्यायामशाळेत त्याच त्या कवायती कराव्या लागत आणि ते कंटाळून जात. विभागप्रमुख ल्यूथर ग्युलिक यांनी नेस्मिथ यांच्याकडे अशाच एका बेशिस्त वर्गाची जबाबदारी सोपवली आणि दोन आठवड्यांत बंदिस्त जागेत खेळता येईल असा नवा खेळ तयार करण्यास सांगितले. फुटबॉल व लॅक्रॉस हे खेळ व्यायामशाळेत आणण्याचे नेस्मिथ यांचे प्रयत्न फसले, कारण लाकडी जमिनीवरील धक्काबुक्कीत विद्यार्थी जखमी होऊ लागले.

तेव्हा त्यांनी प्रचलित खेळांतील धोक्याची कारणे एकेक करून तपासली. चेंडू घेऊन धावणारा खेळाडू रोखण्यासाठी त्याला पाडावे लागते, म्हणून चेंडू हातात घेऊन धावण्यास त्यांनी मनाई केली. गोल उभा असला की चेंडू जोराने मारला जातो, म्हणून त्यांनी तो आडवा आणि डोक्यापेक्षा उंच ठेवला. लहानपणी आल्मॉन्टमध्ये खेळलेल्या दगडफेकीच्या एका खेळाची त्यांना येथे आठवण झाली. त्या खेळात शिळेवर ठेवलेला दगड खाली पाडायचा असे आणि जोरात फेकलेल्या दगडापेक्षा कमान घेत जाणारा दगड नेम अधिक चांगला साधत असे.

व्यायामशाळेच्या देखभाल कर्मचाऱ्याने पीच या फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला १० फूट (सुमारे ३.०५ मीटर) उंचीवर ठोकण्यात आल्या. ही उंची आजही कायम आहे. २१ डिसेंबर १८९१ रोजी १८ विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ जणांचे दोन संघ करून पहिला सामना खेळवण्यात आला. चेंडू फुटबॉलचा होता आणि संपूर्ण सामन्यात एकच गोल झाला. १५ जानेवारी १८९२ रोजी विद्यालयाच्या नियतकालिकात १३ नियम प्रसिद्ध झाले. खेळाला नेस्मिथ यांचे नाव देण्याची एका विद्यार्थ्याची सूचना त्यांनी नाकारली. अखेर टोपली आणि चेंडू या दोन शब्दांवरून बास्केटबॉल हे नाव रूढ झाले.

कॅन्सस विद्यापीठातील कारकीर्द

१८९५ साली नेस्मिथ डेन्व्हर येथे गेले. तेथे वायएमसीएत काम करीत त्यांनी १८९८ साली वैद्यकीय पदवी मिळवली. त्याच वर्षी ते कॅन्सस विद्यापीठात प्रार्थनाप्रमुख व शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून रुजू झाले आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९३७ सालापर्यंत, मुख्यतः तेथेच राहिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी वायएमसीएतर्फे फ्रान्समध्ये सैनिकांसाठी काम केले. १९२५ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले.

१८९८ ते १९०७ या काळात ते विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. या काळात संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. एकूण कारकिर्दीत विजयांपेक्षा पराभव अधिक असलेले ते कॅन्ससचे एकमेव प्रशिक्षक ठरले. हा खेळ शिकवण्याचा नसून खेळण्याचा आहे, असे त्यांचे मत होते. सामन्याच्या निकालापेक्षा विद्यार्थ्यांची प्रकृती आणि खिलाडूवृत्ती त्यांना महत्त्वाची वाटे.

त्यांचे विद्यार्थी फॉग ॲलन यांनी नेमका विरुद्ध मार्ग धरला. डावपेच, सराव आणि विजय यांवर भर देणारे ॲलन हे बास्केटबॉल प्रशिक्षणाचे जनक मानले जातात. त्यांच्या हाताखाली खेळलेले अडॉल्फ रप व डीन स्मिथ पुढे अनुक्रमे केंटकी व नॉर्थ कॅरोलिना या विद्यापीठांचे नामवंत प्रशिक्षक झाले.

जॉन मॅकलेंडन हे नेस्मिथ यांचे आणखी एक महत्त्वाचे विद्यार्थी होत. कृष्णवर्णीय असल्यामुळे त्यांना कॅन्ससच्या संघात खेळण्यास मज्जाव होता. नेस्मिथ यांनी त्यांना मार्गदर्शन केले आणि प्रशिक्षकाच्या व्यवसायाची वाट दाखवली. मॅकलेंडन यांच्या टेनेसी ए अँड आय संघाने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे एनएआयए ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकली.

बर्लिन ऑलिंपिक

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच अधिकृत समावेश झाला. अमेरिकेतील प्रशिक्षक संघटनेने निधी जमवून नेस्मिथ यांना बर्लिनला पाठवले. भर पावसात उघड्या मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात अमेरिकेने कॅनडाचा १९-८ असा पराभव केला. विजेत्यांना नेस्मिथ यांच्या हस्ते पदके देण्यात आली. याच ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये कबड्डीसह भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली होती.

अखेरची वर्षे

नेस्मिथ यांच्या हयातीतच महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. १९३७ साली कॅन्सस सिटी येथे लहान महाविद्यालयांची स्पर्धा भरली. तिच्या उभारणीत त्यांचाही सहभाग होता. मार्च १९३९ मध्ये आठ संघांची पहिली एनसीएए स्पर्धा झाली आणि तिच्या अंतिम सामन्यात ओरेगन विद्यापीठाने ओहायो स्टेटवर ४६-३३ असा विजय मिळवला. त्यानंतर आठ महिन्यांनी मेंदूतील रक्तस्रावामुळे लॉरेन्स येथे नेस्मिथ यांचे निधन झाले. खेळाच्या उगमाविषयीचे त्यांचे पुस्तक १९४१ साली प्रकाशित झाले.

महाविद्यालयीन क्रमवारी आणि हंगामपूर्व भाकिते

असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जानेवारी १९४९ मध्ये क्रीडा पत्रकारांच्या मतांवर आधारित महाविद्यालयीन बास्केटबॉल संघांची पहिली क्रमवारी प्रसिद्ध केली. तीत सेंट लुईस विद्यापीठ प्रथम स्थानी होते. पुढे हंगामाआधीही अशी क्रमवारी जाहीर होऊ लागली. सध्या प्रत्येक मतदार २५ संघांची यादी देतो. पहिल्या संघाला २५, दुसऱ्याला २४ अशा उतरत्या क्रमाने गुण मिळतात आणि त्यांची बेरीज करून क्रमवारी ठरते. जुन्या संघातील किती खेळाडू परतले, नवे कोण आले आणि प्रशिक्षकाची कामगिरी कशी आहे, यांवर हंगामपूर्व अंदाज बांधला जातो. राष्ट्रीय स्पर्धेतील प्रवेश मात्र या क्रमवारीवर ठरत नाही.

अशी भाकिते अनेकदा चुकतात. २०२२-२३ च्या हंगामाआधी नॉर्थ कॅरोलिना संघ क्रमवारीत पहिला होता, पण त्याला ६८ संघांच्या एनसीएए स्पर्धेत प्रवेशही मिळाला नाही. त्याच हंगामात, सुरुवातीच्या २५ संघांत स्थान नसलेल्या कनेटिकट संघाने विजेतेपद पटकावले. निकालाला दुय्यम मानणाऱ्या नेस्मिथ यांच्या खेळाभोवती निकालांच्या अंदाजांचे असे स्वतंत्र विश्व उभे राहिले असले, तरी मैदानावरील अनिश्चितता टिकून आहे.

भारतातील प्रसार

स्प्रिंगफील्ड येथे शिकलेले हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रास येथे वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय स्थापन केले. तेथे तयार झालेल्या शिक्षकांमुळे बास्केटबॉलसह अनेक आधुनिक खेळ भारतातील शाळा-महाविद्यालयांत पोहोचले. मुंबईत १९२७ साली सुरू झालेले नागपाडा नेबरहुड हाऊस हे या खेळाचे महत्त्वाचे केंद्र बनले. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० साली झाली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भारताचा पुरुष संघ खेळला.

सन्मान

स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉल हॉल ऑफ फेम या सन्मान दालनाला नेस्मिथ यांचे नाव देण्यात आले आहे. १९५९ साली त्यांचा त्यात समावेश करण्यात आला. अमेरिकेतील वर्षातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळाडूला दिला जाणारा एक प्रतिष्ठेचा पुरस्कारही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.