नगरची लेखिका : कृपाबाई सत्यनाथन



इंग्रजीत पूर्ण कादंबरी लिहिणारी पहिली भारतीय स्त्री कोण? हा प्रश्न मी सातवीच्या वर्गात विचारला, तर मुलांनी अंदाजाने दोन-तीन बंगाली नावं घेतली. अगदीच चूक नव्हे. बंगालच्या तोरू दत्त यांनी आधी प्रयत्न केला होता, पण त्यांची कादंबरी अपुरी राहिली. पूर्ण कादंबरी लिहिण्याचा मान साधारणपणे जिला दिला जातो, ती आपल्याच नगरची आहे हे सांगितलं, तेव्हा मुलं चकितच झाली. खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी मलाही हे माहीत नव्हतं.

कृपाबाईंचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) इथे झाला. वडील हरिपंत खिस्ती, आई राधाबाई. आडनाव नीट वाचा बरं का, 'खिस्ती' आहे, 'ख्रिस्ती' नाही! हे मूळ ब्राह्मण घराण्याचं आडनाव. हरिपंतांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता आणि मुंबई इलाख्यातल्या अगदी सुरुवातीच्या ब्राह्मण धर्मांतरितांत ते मोडत. मुलांनी भरलेलं मोठं घर. वडील कृपाबाईंच्या लहानपणीच गेले. मग तिच्या शिकण्याकडे लक्ष दिलं ते थोरल्या भावाने, भास्करने. तो तिला पुस्तकं द्यायचा, तिच्याशी बरोबरीने बोलायचा. त्या काळात बहिणीशी असं वागणारा भाऊ विरळाच. पण तोही तरुणपणीच वारला. हा घाव कृपाबाई कधी विसरल्या नाहीत.

पुढे त्या मुंबईच्या शाळेत गेल्या. तिथे एका अमेरिकन डॉक्टर बाईंची ओळख झाली आणि आपणही डॉक्टर व्हायचं हे मनाने घेतलं. विलायतेला जाण्याची संधीही आली होती, पण प्रकृती नाजूक, म्हणून तो बेत रद्द झाला. तरी मुलगी हटली नाही! १८७८ मध्ये तिने मद्रास मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या १८८३ मध्ये. म्हणजे त्याच्या पाच वर्षं आधी, वयाच्या सोळाव्या वर्षी, नगरची ही मुलगी डॉक्टरकी शिकायला परमुलखात गेली होती. पहिल्या वर्षी तिने उत्तम यश मिळवलं, पण तेवढ्यात तब्येत खचली. शिक्षण सुटलं ते कायमचंच. विश्रांतीसाठी ती पुण्याला बहिणीकडे आली.

नंतर मद्रासला परतल्यावर सॅम्युएल सत्यनाथन यांच्याशी लग्न झालं. मद्रासमध्ये ज्यांच्या घरी राहून त्या शिकल्या, त्यांचेच हे चिरंजीव, केंब्रिजला शिकून आलेले. ते उटीला मुख्याध्यापक झाले. तिथे कृपाबाईंनी मुसलमान मुलींसाठी शाळा काढली. लिखाणाची सुरुवातही तिथेच झाली. निलगिरीतल्या तोडा लोकांवरचा पहिला लेख छापून आला तो स्वतःच्या नावाने नव्हे, नुसता 'एक भारतीय स्त्री' म्हणून.

१८८७-८८ मध्ये 'सगुणा' ही कादंबरी मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली. तिच्यात त्यांचं स्वतःचंच आयुष्य आहे. बालवधू म्हणून संसारात आलेली आई आहे, भाऊ भास्कर आहे, मेडिकल कॉलेजही आहे. मला विशेष वाटतं ते असं की, स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती असूनही देशी ख्रिस्ती लोकांना कमी लेखणाऱ्या गोऱ्या मिशनरींना त्यांनी सोडलेलं नाही. आपल्या माणसांना आणि परक्यांना, दोघांनाही एकाच मापाने मोजायचं, हे सोपं नव्हतं. आफ्रिकेतल्या फ्लोरा न्वापा यांची पहिली इंग्रजी कादंबरी 'एफुरू' आली १९६६ मध्ये. परक्या भाषेत आपल्या बायकांचं जगणं मांडायचं काम कृपाबाईंनी त्याच्या जवळजवळ ऐंशी वर्षं आधी केलं होतं.

त्यांना एकच मूल झालं, तेही वर्षाच्या आत गेलं. त्यात आजार. अशा अवस्थेत त्यांनी 'कमला' लिहिली. सासरी छळ सोसणाऱ्या, पुढे विधवा झालेल्या एका हिंदू मुलीची ही कथा. लेखिका मद्रासमध्ये, पण गोष्ट घडते ती आपल्या नाशिककडच्या मुलखात! पुनर्विवाहाची संधी समोर येते, तरी कमला ती स्वीकारत नाही. हा शेवट काहींना पटत नाही. मलाही पूर्ण पटलेला नाही, पण मोठ्या मुलामुलींशी चर्चा करायला तो फार चांगला आहे.

'कमला' आली १८९४ मध्ये. त्याच वर्षी ३ ऑगस्टला कृपाबाई गेल्या. वय अवघं ३२. 'सगुणा' पुस्तकरूपात निघाली १८९५ मध्ये, ती त्यांना पाहायला मिळालीच नाही. पुढे मद्रास विद्यापीठात त्यांच्या नावाचं पदक सुरू झालं, मॅट्रिकला इंग्रजीत पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी.