डॉक्टर वसंत रामजी खानोलकर

चिखलीहून खामगांवकडे जाणाऱ्या वाटेवर अमडापूर लागतें. तेथील बाजारांत असो कीं दुसऱ्या कोणत्याही गांवच्या पारावर असो, दोन माणसें भेटलीं म्हणजे बहुधा एकाची चंची सुटते, तंबाखूला चुना लागतो, तळहातावर ती मळली जाते आणि चिमूट ओठाखालीं जाते. यांत कोणास कांहीं वावगें वाटत नाहीं. पुढें कित्येक वर्षांनीं त्याच जागीं न भरणारी जखम झाली, म्हणजे घरचीं माणसें नशिबास बोल लावितात. हा बोल व्यर्थ आहे, रोगाला कारण असतें आणि शोधणारास तें सांपडतें, हें ज्या थोर पुरुषानें आपल्या देशांत दाखवून दिलें, त्याचें चरित्र वाचकांस सादर करीत आहों.

वसंतरावांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजीं एका गोमंतक मराठा कुटुंबांत झाला. त्यांनीं लंडन विश्वविद्यालयांत वैद्यकाचें शिक्षण घेतलें व १९२३ सालीं विकृतिशास्त्रांत एम. डी. ही पदवी मिळविली. रोगामुळें शरीराच्या निरनिराळ्या भागांत काय फरक पडतो हें पाहणारें जें शास्त्र तें विकृतिशास्त्र. रोग्याच्या मांसाचा लहानसा तुकडा घ्यावयाचा, त्याचे अति पातळ काप करावयाचे, त्यांस रंग द्यावयाचा आणि सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ते तपासावयाचे, असें हें काम आहे. हें काम करणाराचें तोंडहि रोगी बहुधा पाहत नाहीं, मग आभार कोठून मानणार? तथापि त्याच्या निर्णयावांचून शस्त्रवैद्याचा हात अडतो. असें पडद्यामागचें काम वसंतरावांनीं जन्मभर केलें.

स्वदेशीं परत आल्यावर त्यांनीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत व शेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत अध्यापन केलें. १९४१ सालीं परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हां तेथील प्रयोगशाळांची व्यवस्था त्यांजकडे आली. हिंदुस्थानांत कर्करोग क्वचित् होतो, असा समज त्या काळीं पुष्कळांचा होता. परंतु या रुग्णालयांत निरनिराळ्या प्रांतांतून रोगी येऊं लागले. वसंतरावांनीं केवळ मांसाचा तुकडा पाहून समाधान मानिलें नाहीं. हा रोगी कोठून आला, तो काय खातो, काय ओढतो, काय नेसतो, याचाहि विचार ते करीत.

या शोधाचें फळ १९४५ सालीं प्रसिद्ध झालें. सुर्याबाई या आपल्या सहकारी बाईंबरोबर त्यांनीं एक लेख लिहिला व त्यांत लोकांच्या संवयींपासून उद्भवणारे कर्करोगाचे तीन प्रकार दाखविले. बिहाराकडे चुना-तंबाखू खालच्या ओठाच्या खळगींत धरून ठेवितात, तेथें त्याच जागीं रोग होतो. आंध्राच्या किनाऱ्यावर चुट्ट्याचें पेटलेलें टोंक तोंडांत घेऊन ओढण्याची चाल आहे, तेथें टाळूला रोग होतो. धोतर कमरेस वर्षानुवर्षें घट्ट आवळल्यानें कातडी घासली जाते व क्वचित् तेथेंहि तो उद्भवतो. प्रांत निराळे, चाली निराळ्या, पण नियम एकच: जेथें रोजची झीज, तेथें रोग.

१९५२ सालीं मुंबईंत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झालें, त्याचे ते पहिले संचालक होत. १९५५ सालीं डॉ. संघवी व डॉ. राव यांच्यासह त्यांनीं विलायतेंतील एका प्रसिद्ध वैद्यकीय पत्रांत पुष्कळ रोग्यांची तुलना करून दाखविलें कीं, तंबाखू चघळणारांस मुखाचा, तर विडी ओढणारांस मुख्यत्वें घशाचा कर्करोग होण्याचें भय अधिक असतें. त्यांनीं शिष्यहि तयार केले. पुण्याच्या कमल रणदिवे यांनीं त्यांच्या हाताखालीं अभ्यास करून १९४९ सालीं डॉक्टर ही पदवी मिळविली, व पुढें त्याच याच केंद्राच्या संचालक झाल्या.

महारोगाकडेहि वसंतरावांचें लक्ष होतें. ज्या रोग्यास लोक गांवाबाहेर घालवीत, त्याच्या कातडीचा तुकडा ते यंत्राखालीं मोठ्या धीरानें पाहत. या रोगाचे जंतु आरंभींच कातडीच्या बारीक मज्जातंतूंत शिरतात, याकडे त्यांनीं वैद्यांचें लक्ष वेधिलें. अंगावरील चट्ट्यास स्पर्श कळत नाहीं तो याचमुळें. तेव्हां हा रोग शाप नसून जंतूंचें काम आहे. १९८१ सालापासून अनेक औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला आहे. तो वेळीं घेतला तर रोग सहा महिन्यांत किंवा वर्षांत बरा होतो, आणि हातपाय वांकडे होत नाहींत.

सरकारनें १९५४ सालीं वसंतरावांस पद्मभूषण ही पदवी दिली. १९६० पासून १९६३ पर्यंत ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरु होते. पुढें राष्ट्रीय प्राध्यापक हा मानहि त्यांस मिळाला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजीं, वयाच्या ८४ व्या वर्षीं, ते निवर्तले.

बंधुभगिनींनो, ज्यानें जन्मभर यंत्राखालीं पाहिलें, त्याचें चरित्र आपणांस डोळे उघडून पाहावयास शिकवितें. तोंडांतील जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाहीं, पांढरा किंवा तांबडा डाग पडला, अथवा तोंड पूर्ववत् उघडेनासें झालें, तर विलंब न लावितां डॉक्टरास दाखवावें. अंगावर बधिर चट्टा दिसला तर तो लपवूं नये. आणि चंची सोडण्यापूर्वीं क्षणभर थांबून विचार करावा. रोग अंगीं मुरल्यावर नशिबास दोष देण्यापेक्षां आज ती चिमूट टाकून देणें सोपें आहे.