धनंजयराव गाडगीळ

धनंजय रामचंद्र गाडगीळ (१० एप्रिल १९०१ - ३ मे १९७१) हे भारतीय अर्थशास्त्रज्ञ आणि महाराष्ट्रातील सहकारी चळवळीचे मार्गदर्शक होते. लहान शेतकरी व उत्पादक यांना एकत्र आणून स्वतःचा उद्योग चालवण्यास सक्षम करणे, हे त्यांच्या कार्याचे प्रमुख सूत्र होते.

जीवन

गाडगीळ यांचा जन्म नाशिक येथे झाला. नागपूर येथील शालेय शिक्षणानंतर त्यांनी केंब्रिज विद्यापीठात उच्च शिक्षण घेतले. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविल्यानंतर १९३० मध्ये ते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले. या संस्थेमार्फत त्यांनी पुण्यातील फळबाजार, पुणे शहराचे अर्थजीवन आणि सोलापूर शहर यांचे अभ्यास केले. कारागीर, विणकर व छोटे व्यापारी यांच्या व्यवहारांची प्रत्यक्ष पाहणी केल्यावाचून धोरण आखू नये, अशी त्यांची भूमिका होती.

सहकार आणि प्रवरा कारखाना

कृषी पतपुरवठ्याविषयीच्या समितीचे अध्यक्ष म्हणून १९४५ च्या अहवालात त्यांनी शेतकऱ्यांच्या जुन्या कर्जांची तडजोड आणि पतपुरवठ्याची संस्थात्मक व्यवस्था सुचवली. अहमदनगर जिल्ह्यातील लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांनी शेतकऱ्यांना संघटित करून सहकारी साखर कारखाना काढण्याचे ठरवले, तेव्हा गाडगीळ त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अल्पशिक्षित शेतकरी कोट्यवधींचा कारखाना चालवू शकतील का, अशी शंका त्या काळी घेतली जात होती. प्रवरा कारखान्याचे पहिले अध्यक्षपद स्वीकारून गाडगीळ यांनी या शंकेला कृतीने उत्तर दिले. १९५०-५१ च्या सुमारास येथे गळीत सुरू झाले. सभासदांचे भागभांडवल, उसाचा रास्त भाव आणि चोख हिशेब हे या प्रयोगाचे आधार होते.

राष्ट्रीय कार्य

पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविल्यानंतर १९६७ मध्ये ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्रीय साहाय्य वाटण्याचे 'गाडगीळ सूत्र' चौथ्या पंचवार्षिक योजनेपासून अमलात आले. १९६९ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांनी क्षेत्रनिहाय जबाबदारी घ्यावी, असे सुचवले. त्यातूनच त्या वर्षी रिझर्व्ह बँकेची अग्रणी बँक योजना आली. १९७१ मध्ये पदत्यागानंतर दिल्लीहून पुण्याला परतत असताना त्यांचे निधन झाले.

वारसा

गाडगीळ यांच्या निधनानंतर, १९८० मध्ये, भीमा नदीवरील उजनी धरण पूर्ण झाले. धरणाच्या पाण्याने सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यातील काठची गावे उसाची झाली. मात्र पळसदेवसारखी जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. करमाळ्याचा आदिनाथ, माढ्याचा विठ्ठलराव शिंदे आणि इंदापूरचा कर्मयोगी हे सहकारी साखर कारखाने याच परिसरातील असून, शेतकरी सभासदांच्या मालकीची त्यांची रचना लोणीच्या प्रयोगाशी नाते सांगते. जमीन गेलेल्यांपैकी अनेकांना मासेमारी व लहान व्यापार यांचा आधार घ्यावा लागला. भिगवणचा मासळीबाजार प्रसिद्ध आहे. अशा लहान व्यावसायिकांना कर्ज मिळणे जितके आवश्यक आहे, तितकेच हिशेब व व्यवस्थापन यांचे शिक्षण मिळणेही आवश्यक आहे. म्हणूनच लहान उत्पादकाला दाता किंवा सावकार यांच्यावर विसंबून न ठेवता मालक बनवण्याचा गाडगीळ यांचा आग्रह आजही प्रस्तुत ठरतो.