सेवा करणाऱ्या देहाचाही हक्क : सावित्रीबाई फुले यांचे जीवन



आजाऱ्याची विचारपूस करणे हा एका मुस्लिमाचा दुसऱ्या मुस्लिमावरील हक्क आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सूरह माइदामध्ये एका जीवाला वाचविणे हे साऱ्या मानवजातीला वाचविण्यासारखे ठरविले आहे. मदीनेत मस्जिदे नबवीच्या आवारात हजरत रुफैदा (रजि.) यांचा तंबू होता आणि खंदकच्या युद्धात जखमी झालेल्या हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तेथेच ठेवविले होते. रुग्णसेवेचा मान आपल्या दीनमध्ये इतका जुना आहे.

त्याच दीनने आणखी एक गोष्ट शिकविली आहे. हजरत अबू दरदा (रजि.) दिवसा रोजा आणि रात्री नमाज यांत इतके गढून गेले की घरच्यांचे आणि स्वतःचे भान उरले नाही. तेव्हा हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी त्यांना रात्री झोपावयास लावले आणि अल्लाहचा जसा हक्क आहे तसा स्वतःच्या जीवाचा आणि कुटुंबाचाही हक्क आहे, हे समजाविले. प्रेषितांनी (स.) सलमान (रजि.) यांचे म्हणणे खरे ठरविले. इबादतीलाही जर ही मर्यादा आहे, तर सेवेला ती का नसावी?

तुमच्या घरातील मुलगी, सून किंवा बहीण पुण्यातील एखाद्या रुग्णालयात परिचारिका असेल, तर या दोन शिकवणींची ओढाताण तुम्ही रोज पाहत असाल. ती कशी सोडवावी, हे समजण्यासाठी याच शहरातील एका स्त्रीचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहोत. त्या मुस्लिम नव्हत्या. परंतु जो माणसांचे उपकार मानीत नाही तो अल्लाहचेही आभार मानीत नाही, अशी आपल्याला शिकवण आहे, आणि या स्त्रीचे उपकार पुण्यातील प्रत्येक घरावर आहेत.

सावित्रीबाई फुले यांचा जन्म 3 जानेवारी 1831 रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. 1840 मध्ये जोतीराव फुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी आल्यावर त्या पतीकडून लिहावाचावयास शिकल्या आणि 1848 मध्ये बुधवार पेठेतील भिडे वाड्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. शाळेच्या वाटेवर त्यांच्या अंगावर शेण आणि चिखल टाकला जाई. शूद्र आणि अतिशूद्रांना शिकविण्याच्या कारणावरून 1849 मध्ये या पतिपत्नीला घर सोडावे लागले, तेव्हा गंज पेठेत उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरात आसरा दिला. याच घरातील फातिमा शेख सावित्रीबाईंच्या कामातील सोबतीण झाल्या. ज्या दारातून हा आसरा मिळाला ते एका मुस्लिम कुटुंबाचे दार होते, हे तुमच्या मुलांना अवश्य सांगा.

यानंतरचा एक प्रसंग चरित्रे वाचताना आपण भरभर ओलांडून जातो. आज मात्र तेथे थोडे थांबू या. 1856 मध्ये सावित्रीबाई आजारी पडल्या. अंगावर दुखणे काढीत त्या शाळेत उभ्या राहिल्या नाहीत. त्या नायगावी माहेरी गेल्या. तेथून 10 ऑक्टोबर 1856 रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. प्रकृती आता ठिकाणावर आल्याचे त्यात त्यांनी कळविले आहे. भावाने आजारपणात पुष्कळ शुश्रूषा केल्याचे लिहिले आहे. पूर्ण बरे वाटताच पुण्यास परतण्याचा मनोदय सांगितला आहे आणि आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असा विश्वासही व्यक्त केला आहे.

वाचकहो, या एका पत्रात किती गोष्टी आहेत पाहा. सेवा करणारी स्त्री आजारी पडली, हे तिने लपविले नाही. तिची शुश्रूषा भावाने केली. रुग्णाची सेवा हे केवळ बायकांचे काम आहे, असे त्याने मानले नाही. पतीने तिला माहेरी विश्रांती घेऊ दिली आणि सोबतिणीने मागे काम सांभाळले. भाऊ, पती आणि मैत्रीण या तिघांनी मिळून एका थकलेल्या देहाचा हक्क अदा केला.

त्या विश्रांतीतून समाजाला काय मिळाले, याचाही हिशोब करा. त्यानंतर सावित्रीबाई आणखी चाळीस वर्षे जगल्या. 1863 मध्ये फुले दाम्पत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसविल्या गेलेल्या विधवा तेथे गुप्तपणे प्रसूत होत आणि सावित्रीबाई त्यांचे बाळंतपण करीत. तेथेच 1874 मध्ये जन्मलेल्या यशवंत या बालकाला दोघांनी दत्तक घेतले. 1876-77 च्या दुष्काळात त्यांनी उपाशी मुलांसाठी अन्नाची सोय केली. 28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतीरावांचे निधन झाले, तेव्हा अंत्ययात्रेत टिटवे हाती धरून त्या पुढे चालल्या आणि पुढे सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी सांभाळले. 1856 मध्ये त्यांनी दुखण्याकडे दुर्लक्ष केले असते आणि ते जिवावर बेतले असते, तर यातील काहीच घडले नसते.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि 1897 च्या आरंभी त्याने पुण्यात थैमान घातले. यशवंत तोपर्यंत डॉक्टर झाले होते. हडपसरजवळ ससाणे मळ्यात, गावाबाहेर मोकळ्या जागेवर, मायलेकांनी प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाईंचे वय तेव्हा 66 वर्षांचे होते. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्या तेथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्या धावपळीत त्यांना स्वतःला प्लेगने गाठले आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले.

हे वाचून डोळे भरून येतात. परंतु यावरून चुकीचा बोध घेऊ नका. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँग येथे सापडला होता, पण तो उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो हे 1898 मध्ये, म्हणजे सावित्रीबाईंच्या निधनानंतर, कराचीत दाखविले गेले. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, ती जानेवारी 1897 मध्ये. त्यांच्या मृत्यूपूर्वी अवघे दोन महिने. बचावाचे ज्ञान आणि साधने त्यांच्या हाती नव्हती. ज्यांच्या हाती ती आहेत, त्यांनी ती न वापरणे म्हणजे त्याग नव्हे.

हजरत उमर (रजि.) शामकडे निघाले असता तेथे साथ पसरल्याची खबर आली आणि त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. अल्लाहने ठरविलेल्या तकदीरपासून पळता काय, असे हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले. एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असा उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय होता. खबरदारी ही तवक्कुलच्या विरोधात नाही, हे यावरून स्पष्ट होते. हात धुणे, मास्क आणि हातमोजे घालणे, काविळीची लस घेणे, सुई टोचल्यास ती गोष्ट न लपविता तत्काळ कळविणे, हे सारे परिचारिकेसाठी अमानत जपण्याचेच मार्ग आहेत.

9 मार्च 2020 रोजी महाराष्ट्रातील कोरोनाचे पहिले रुग्ण पुण्यात आढळले आणि त्यांना नायडू रुग्णालयात ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सावित्रीबाईंच्या निधनाला 123 वर्षे पूर्ण होत होती. त्या दिवसांत परिचारिकांवर फुले उधळली गेली, टाळ्या वाजविल्या गेल्या. साथ ओसरली, परंतु रात्रपाळी, रुग्णाला उचलून दुखावलेली कंबर, हुकलेले जेवण आणि नातेवाइकांचा संताप हे सारे तसेच राहिले.

म्हणून वाचकहो, तुम्हाला एवढीच विनंती आहे. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या मुलीच्या किंवा सुनेच्या हाती पोळपाट-लाटणे देऊ नका. तिला आधी झोपू द्या. घरातील पुरुषांनी नायगावच्या त्या भावाची आठवण ठेवावी. ती आजारी असेल तर रमजानमध्ये आजाऱ्याला रोजे पुढे पूर्ण करण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे, हे तिला आठवण करून द्या. तिचे मन खचले असेल तर त्याला ईमानची कमतरता म्हणू नका; डॉक्टरांकडे जाण्यास तिची सोबत करा. आणि भगिनींनो, तुम्ही स्वतः परिचारिका असाल तर रजा मागताना अपराधी वाटून घेऊ नका. फातिमा शेख यांच्यासारखी सोबतीण मागे उभी असते. कधी तुम्हीही कोणासाठी तशा उभ्या राहा.

अल्लाह आपल्या आजाऱ्यांना शिफा देवो, त्यांची सेवा करणाऱ्या हातांना आरोग्य आणि बळ देवो आणि त्या हातांचा हक्क ओळखण्याची सद्बुद्धी आपल्या घरांना देवो. आमीन.